काळ्या दगडाच्या पोटात

मराठी भाषेने दगडावर मोठा अन्याय केला आहे. ज्याला काही समजत नाही तो दगड. ज्याला दया येत नाही तो पाषाणहृदयी. आपले आपणच नुकसान करून घेतले तर तो पायावर पाडून घेतलेला धोंडा. आणि दोन वाइटांतून एक निवडण्याची पाळी आली की दगडापेक्षा वीट मऊ म्हणून आपण विटेला जवळ करतो. एवढ्या शिव्याशापांत त्याच्या वाट्याला बरा शब्द आला तो काळ्या दगडावरच्या रेघेचा. हां, त्याच दगडाला शेंदूर फासला म्हणजे मात्र आपण त्याच्यापुढे हात जोडून उभे राहतो. सारांश, आपल्याकडे दगडाला एक तर देव व्हावे लागते, नाही तर खडी. या दोहोंच्या मधली, म्हणजे कुणी त्याला सहज हातात घ्यावे, उलटसुलट करून न्याहाळावे आणि ‘हा असा का?’ म्हणून विचारावे, अशी जागा आपण त्याच्यासाठी ठेवलेलीच नाही.

ती मधली जागा म्हणजे दगड आणि खनिजे जमवण्याचा छंद. पोस्टाची तिकिटे, जुनी नाणी, आगपेट्यांची चित्रे जमवणारी मुले आपल्याकडे घरोघर होऊन गेली. दगड जमवणारे मूल मात्र आईच्या रागाला पात्र होते, कारण त्याचे खिसे फाटतात. या फाटक्या खिशांची वकिली करण्यासाठी मी आज लेखणी उचलली आहे. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवलेल्या माणसाला तेवढा हक्क असावा असे वाटते.

आपल्या पायाखाली काय आहे?

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी या भूमीला भेगा पडून तप्त लाव्हा बाहेर आला. तो एकदाच आला आणि थांबला असे नाही; थरावर थर चढत गेले. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश त्या थरांनी झाकलेला आहे, आणि सह्याद्रीत त्यांची जाडी दोन किलोमीटरच्या घरात जाते. घाटातून जाताना डोंगराच्या अंगावर ज्या आडव्या पायऱ्या दिसतात, त्या म्हणजे हे एकावर एक बसलेले थर. या खडकाला इंग्रजीत ‘ट्रॅप’ म्हणतात; तो शब्द मूळचा स्वीडिश असून त्याचा अर्थच मुळी पायरी असा आहे. खडकाचे शास्त्रीय नाव बसाल्ट. आपला नेहमीचा काळा दगड तो हाच. वेरूळचे कैलास लेणे त्यातच कोरले, रायगडाची तटबंदी त्याचीच, आणि तुमच्या-आमच्या घराच्या स्लॅबमधली खडीही त्याचीच.

आता गंमत पाहा. लाव्हा थंड होत असताना त्यातला वायू बुडबुड्यांच्या रूपाने वर येऊ लागतो. वरचा भाग घट्ट होत आला की हे बुडबुडे आत अडकून पडतात, आणि दगडात बदामाएवढ्या, लिंबाएवढ्या, क्वचित माणूस आत बसेल एवढ्या पोकळ्या राहतात. पुढे लाखो वर्षे त्यांतून पाणी झिरपत राहते. खडकातला चुना, सोडा, सिलिका ते आपल्याबरोबर विरघळवून आणते आणि पोकळीच्या भिंतीवर कणाकणाने ठेवून जाते. अंधारात, कुणी पाहणारे नसताना, त्या भिंतींवर स्फटिक उगवतात. कुठे मोरपिशी झाक मारणारे ॲपोफिलाइटचे चौकोनी मनोरे, कुठे गव्हाची पेंडी मध्ये आवळून बांधावी तसे स्टिलबाइटचे गुलाबी झुपके, कुठे सुयांच्या जुडीसारखे स्कोलेसाइट, तर कुठे पिंजलेल्या कापसाच्या गोळ्यासारखे ओकेनाइट. बोट लावले तर मोडेल इतका तो कापूस नाजूक असतो. आणि तो दगड आहे!

ही संपत्ती जगाच्या नजरेस आणली ती रेल्वेने. १८५६ ते १८६३ या काळात बोरघाट फोडून मुंबई-पुणे लोहमार्गाची चढण बांधली गेली. त्या सुरुंगांतून हे स्फटिक उघडे पडले, आणि नमुने बोटीने विलायतेच्या संग्रहालयांत जाऊन पोचले. तेव्हापासून जगभरच्या जाणत्या संग्राहकांच्या कपाटांत पुणे, नाशिक, जळगाव ही नावे चिठ्ठ्यांवर लिहिलेली सापडतात. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणीत कॅव्हन्साइट नावाचे खनिज मिळाले, त्याचे निळे स्फटिक जगात अद्वितीय मानले जातात. हे खनिज मूळ अमेरिकेतल्या ऑरेगॉनमध्ये सापडले आणि १९७३ साली त्याला नाव मिळाले; पण त्याचे खरे माहेर म्हणून आज संग्राहक वाघोलीचेच नाव घेतात. राहुरीजवळ एका विहिरीच्या खोदकामात २००१ च्या सुमारास हिरव्या ॲपोफिलाइटचे असे गोलाकार घोस निघाले की त्यांची चित्रे देशोदेशींच्या मासिकांनी छापली. अमेरिकेत टूसॉन या गावी १९५५ पासून दरवर्षी खनिजांची जत्रा भरते. तिथल्या मेजांवर महाराष्ट्राचे दगड मानाने मांडलेले असतात. मराठी माणसाला मात्र त्यांची नावे विचारली तर तो म्हणतो, गारगोट्या!

खाणीवरचा संवाद

काही वर्षांपूर्वी वर्गातल्या काही मुलांना घेऊन मी गावाबाहेरच्या एका दगडखाणीवर गेलो होतो. मालकाची परवानगी काढली होती आणि सुरुंगाचे काम त्या दिवशी बंद होते. खाणीच्या मुकादमाला मी पांढऱ्या स्फटिकांविषयी विचारले. तो म्हणाला, “सर, ही फुलं म्हणजे आम्हाला डोकेदुखी. फुलांचा दगड ठिसूळ, त्याची खडी चांगली पडत नाही. आम्ही तो बाजूला लोटतो, नाही तर भरावात टाकतो.”

त्याने दाखवलेल्या ढिगात मुलांनी तासभर शोध घेतला. कुणाला खडीसाखरेचे खडे सापडले, कुणाला बर्फीच्या वड्या. ही नावे मुलांनीच दिली आणि मीही ती बदलली नाहीत, कारण पाहायला शिकण्याची सुरुवात नाव देण्यापासून होते. आमच्यात एक मुलगा त्या खाणीवरच्याच मजुराचा होता. वर्गात तो शेवटच्या बाकावर बसे आणि विचारल्याशिवाय बोलत नसे. त्या दिवशी मात्र तो पुढे होऊन सांगू लागला, “वरचा मुरूम, त्याच्याखाली मांजऱ्या, त्याच्याखाली काळा पाषाण. फुलं मांजऱ्यातच गावतात, पाषाणात नाहीत. आणि मांजऱ्या लागला की पाणी पाझरतं.” बुडबुड्यांच्या पोकळ्यांनी भरलेल्या थराला विहीर खोदणारे मांजऱ्या म्हणतात. भूगर्भशास्त्राच्या पुस्तकात दोन पाने खर्च करून जे सांगितले आहे, ते त्या पोराने चार वाक्यांत सांगितले; कारण ते त्याच्या घरातलेच ज्ञान होते. त्याला शाळेत कुणी ते विचारले नव्हते, एवढेच.

निघताना त्याच्या वडिलांनी मला बाजूला घेऊन विचारले, “सर, ह्याला बाहेर पैसे मिळतात म्हणे. किती मिळतात?”

प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर साधे नव्हते. उत्तम नमुन्याला हजारो रुपये येतात, काहींना लाखही. आणि तो दगडातून अलगद सोडवून काढणाऱ्या हाताला त्यातले काय मिळते, हे ज्याचे त्याला ठाऊक. मी त्यांना खरे तेच सांगितले, आणि आणखी एक गोष्ट सांगितली: नमुना कुठे, कोणत्या थरात, केव्हा सापडला ते चिठ्ठीवर लिहून ठेवा. चिठ्ठी नसलेला दगड हा अनाथ असतो. तो सुंदर असेल, पण तो काही सांगू शकत नाही. ‘पूना, इंडिया’ एवढेच लिहिलेले कित्येक जुने नमुने जगात आहेत. ते कोणत्या टेकडीतून निघाले हे आता कुणालाच सांगता यायचे नाही.

खडीच्या दगडाला कायद्याच्या भाषेत ‘गौण खनिज’ म्हणतात. शब्द कायद्याच्या सोयीचा आहे हे मला कळते. पण हा शब्द आपण मनातही घेतला आहे, ही खरी अडचण आहे.

हे दगड काय कामाचे?

व्यवहारी वाचक इथे विचारील की सुंदर आहेत हे कबूल, पण उपयोग काय? उपयोग असा की मागे तुमच्या ओळखीतल्या कुणाचा तरी प्राण यांच्या नात्यातल्या एका पदार्थाने वाचवला असेल.

१७५६ साली क्रोन्स्टेट नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाने एक खनिज तापवले, तर ते फसफसून उकळल्यासारखे झाले. त्याने त्याला ग्रीक शब्दांवरून नाव दिले झिओलाइट, म्हणजे उकळणारा दगड. स्टिलबाइट, स्कोलेसाइट, ह्यूलँडाइट ही सारी त्याच कुळातली. यांच्या अंतरंगात अतिसूक्ष्म खोल्या आणि बोळ असतात, आणि त्यांत पाणी मुक्कामाला असते. उष्णता दिली की पाणी निघून जाते, चौकट मात्र तशीच उभी राहते. अशी चाळण हाती आल्यावर माणूस स्वस्थ कसा बसेल? त्याने कारखान्यात झिओलाइट बनवले. जड पाणी मऊ करायला ते वापरतात, खनिज तेलापासून पेट्रोल काढताना ते वापरतात. आणि २०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत प्राणवायूसाठी धावाधाव झाली, तेव्हा घरोघर आणि दवाखान्यांत जी यंत्रे हवेतून प्राणवायू वेगळा करून देत होती, त्यांच्या पोटात झिओलाइटच होते. हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो. दाबाखाली तो या चाळणीत अडकून राहतो आणि प्राणवायू पुढे जातो. यंत्रातला झिओलाइट कारखान्यातला खरा, पण त्याची घडण माणसाला पहिल्यांदा शिकवली ती दगडाने.

उपयोगाची गोष्ट निघालीच आहे तर आणखी एक. अजिंठ्याच्या चित्रांतला हिरवा रंग हिरव्या मातीसारख्या खनिजाचा आहे, आणि तसे खनिज आपल्या काळ्या दगडातल्या पोकळ्यांना अस्तरासारखे लागलेले सापडते. आपल्या भूमीतले दगड न्याहाळणारी दृष्टी आपल्या पूर्वजांना होती. ती मध्येच कुठे तरी हरवली.

न कळण्याची किंमत

तरीही सौंदर्य आणि उपयोग यांच्याही पलीकडचे एक कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. ज्या दगडावर आपण राहतो तो आपल्याला कळत नाही, याची किंमत आपण मोजत आलो आहोत.

महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भाग या काळ्या दगडावर वसलेला आहे. त्याच्या अंगात पाणी कुठे राहते? अखंड पाषाणात जवळजवळ नाहीच. ते राहते भेगांत, मुरमात, आणि दोन थरांच्या सांध्यात. हे ज्याला कळले त्याला विंधनविहिरीचा खर्च करताना प्रश्न विचारता येतात. ज्याला कळले नाही तो नारळ हातावर उभा करणाऱ्याच्या मागे शेतभर फिरतो, आणि तीन कोरड्या भोकांचे कर्ज डोक्यावर घेतो.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी, किल्लारीचा भूकंप झाला. दख्खनचे पठार म्हणजे अचल, अशी सर्वांची समजूत होती. मातीत नुसते रचून ठेवलेले गोल धोंडे आणि त्यांच्या जाडजूड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. हजारोंनी माणसे गेली. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव डोंगराखाली गाडले गेले, दीडशेहून अधिक जीव गेले. पुढे २०२१ साली तळिये आणि २०२३ साली इर्शाळवाडी.

मुलांनी दगड जमवले असते तर ही गावे वाचली असती, असे म्हणण्याचा उथळपणा मी करणार नाही. पण उतारावर नव्या भेगा पडणे, झाडे आणि खांब कलणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे किंवा नव्याच जागी पाणी फुटणे, या डोंगराच्या खुणा आहेत. त्या वाचणारा एक माणूस प्रत्येक वाडीत असावा, आणि त्याचे बोलणे ऐकणारी चार माणसे असावीत, ही अपेक्षा फार मोठी नाही. असा माणूस सरकारी परिपत्रकातून निर्माण होत नाही. लहानपणी ज्याने दगड हातात घेऊन ‘हा असा का?’ म्हणून विचारले आणि ज्याला कुणी तरी नीट उत्तर दिले, तोच पुढे डोंगराकडे लक्ष ठेवतो.

आमच्या शाळांतून ‘अग्निजन्य, स्तरित आणि रूपांतरित असे खडकांचे तीन प्रकार आहेत’ हे वाक्य मुले घोकतात. शाळेच्या भिंतीत अग्निजन्य खडक बसवलेला असतो, अंगणात तोच पसरलेला असतो. पण परीक्षेत त्याला हात लावण्याचे गुण नाहीत!

छंद कसा लागावा?

या छंदाइतका स्वस्त छंद दुसरा नाही. आरंभाला एक वही, जुन्या आगपेट्या किंवा अंड्यांचे रिकामे ट्रे, थोडा कापूस आणि एक भिंग पुरे. प्रत्येक नमुन्याला क्रमांक द्यावा आणि वहीत गाव, जागा, तारीख आणि भोवतालचा खडक लिहावा.

मग ओळख पटवावी. १८१२ साली मोस नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने कठीणपणाची दहा पायऱ्यांची मोजपट्टी केली: पहिल्या पायरीवर शंखजिरे, दहाव्यावर हिरा. घरी ती अशी वापरता येते. नखाने ओरखडा उठला तर खनिज अडीचच्या आत. तांब्याच्या नाण्याने उठला तर तीनच्या आसपास. चाकूच्या टोकाने उठला तर साडेपाचच्या आत. आणि खनिजानेच काचेवर ओरखडा काढला तर ती बहुधा गारगोटी, म्हणजे सातवी पायरी. कॅल्साइट आणि गारगोटी दिसायला बहिणी-बहिणी. पण कॅल्साइटची चिमूटभर भुकटी करून तिच्यावर लिंबू पिळा, बारीक बुडबुडे येतात. गारगोटी ढिम्म राहते. एवढ्या प्रयोगाने दहा वर्षांच्या मुलाचे डोळे कसे चमकतात ते मी पाहिलेले आहे. नमुने जपावेत मात्र हलक्या हाताने. लोमोंटाइट नावाचे खनिज तर कोरड्या हवेत आपले पाणी गमावून आपोआप भुगा होते.

या छंदाचे शिष्टाचारही आहेत, आणि ते कडक आहेत. लेण्यांत, गडांवर आणि लोणारसारख्या जागी हातोडी न्यायचीच नाही. तिथला दगड जागच्या जागीच पाहायचा. खाणीत मालकाच्या परवानगीशिवाय पाऊल टाकायचे नाही, तुटलेल्या कड्याखाली उभे राहायचे नाही, आणि खाणीतल्या साचलेल्या पाण्याजवळ मुलांना जाऊ द्यायचे नाही. बाजूला लोटलेल्या ढिगातून निवडावे. जे खडीत किंवा भरावात जाणार होते ते वाचवण्यात कुणाचेच नुकसान नाही. आपल्याला हवे तेवढेच घ्यावे आणि दुसऱ्यासाठी ठेवावे.

कुणी म्हणेल, हे शाळामास्तराचे खूळ. तर मग गटेचे उदाहरण घ्या. जर्मन भाषेचा हा महाकवी वायमार संस्थानच्या खाणींचा कारभार पाहता पाहता दगडांच्या नादी लागला आणि त्याने सुमारे अठरा हजार नमुने जमवले. लोखंडाच्या एका खनिजाला १८०६ साली त्याच्यावरून ‘गोथाइट’ नाव मिळाले. आणि इतक्या दूरही जायला नको. नौदलातून बाहेर पडलेल्या के. सी. पांडे यांनी आपल्या मातीतले स्फटिक जमवून सिन्नरला २००१ साली ‘गारगोटी’ नावाचे खनिज संग्रहालय उभे केले. शिर्डीच्या वाटेवर असलेले हे दालन एकदा मुलाबाळांसह अवश्य पाहावे.

पण सगळ्या महाराष्ट्राला सिन्नर गाठणे शक्य नाही, म्हणून माझी मागणी लहान आहे: प्रत्येक शाळेत एक कपाट. त्यात त्याच गावच्या विहिरीतले, ओढ्यातले आणि खाणीतले दगड, मुलांच्याच अक्षरातल्या चिठ्ठ्यांसह. त्याला अनुदान लागत नाही. विहीर खोदणारा आणि खाणीवर राबणारा माणूस वर्षातून एकदा त्या कपाटापुढे उभा राहून बोलावा. गावात या विषयाचा तोच पहिला जाणकार आहे. मालाड-कांदिवलीच्या आणि पाषाणच्या खाणींतून एके काळी अप्रतिम स्फटिक निघाले. आज त्या बाजूला इमारती वाढल्या आहेत. ज्या खाणी उरल्या आहेत त्याही कधी तरी बुजतील. कपाटात राहील तेवढेच आपले.

आणि मुहूर्त शोधायचीही गरज नाही. या दिवाळीत तुमच्या अंगणात मुले किल्ला करतील. बुरुजासाठी घमेलेभर दगड गोळा होतील. मातीचा लेप चढवण्याआधी एकदा त्या घमेल्याशेजारी बसा. एखाद्या काळ्या दगडाच्या अंगावर पांढरे ठिपके दिसतील, एखाद्याच्या खोबणीत काही तरी चमकेल. शिवाजी महाराजांना गडावर बसवण्याची घाई मुलांना असतेच. पण तो एक दगड बाजूला ठेवा, वहीत गावाचे नाव आणि तारीख लिहा, आणि क्रमांक घाला: एक.